सर्वांणा णमस्कार

आमच्या शाळेत परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे आहे, कारण मला याद्या करायची सवय आहे. मुख्याध्यापक म्हणतात, जी बाई घरच्या गॅसच्या टाकीवर खडूने तारीख लिहून ठेवते, तिच्याकडे कुठलंही काम डोळे मिटून द्यावं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी पुढच्या महिन्याची यादी व्हरांड्यात चिकटवते. सुविचार कोण सांगणार, बातम्या कोण वाचणार, आणि माईक हातात धरून सगळ्याचं संचालन कोण करणार. सुविचारासाठी कुणी भांडत नाही. संचालनासाठी वेण्या ओढल्या जातात.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची, सोलापुरातल्या यंत्रमागाच्या भागातली. माध्यम मराठी असलं तरी बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काहींत दखनी, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड. उरलेल्यांची मराठीच, पण पुस्तकातल्यासारखी नाही. मधल्या सुट्टीत टाकीच्या नळापाशी उभं राहिलं की नीळ्ळु, नीरु, पानी असं सगळं ऐकू येतं आणि सगळ्यांच्या बाटल्या भरतात.

त्या महिन्यात संचालन सहावीतल्या एका मुलीकडे आलं. घर मूळचं वैरागकडचं, आई दवाखान्यात सफाईच्या कामाला. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळायचं नाही. ती चौथीपासून या यादीकडे डोळे लावून बसली होती. पहिल्या दिवशी तेल लावून, रिबिनी बांधून आली आणि बातम्यांच्या शेवटी स्वतःची एक बातमी जोडून मोकळी झाली. "आन आज सांच्याला आपल्या भागात पानी येनार हाय."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ही बातमी सगळ्यांत महत्त्वाची होती. पण पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षक साहेब येणार होते आणि मुख्याध्यापकांच्या जिवाला घोर लागला होता. त्यांनी तिथेच तिला थांबवलं. "पाणी. ण. जीभ वर लाव. परत म्हण." माणूस प्रेमळ आहे. मुलांच्या डब्यात डोकावून स्वतःची चटणी वाढणारा. पण त्या दिवशी त्यांनी तिला सगळ्या शाळेसमोर चार वेळा पाणी म्हणायला लावलं.

या ण ची आणि माझी जुनी ओळख आहे. मी माढ्याकडची. डी.एड.ला असताना वसतिगृहातल्या मुली माझ्या एका वाक्यावरून माझं गाव, घर आणि जात ताडायच्या आणि मग जरा सावरून बसायच्या. मी आरशासमोर ण घोटला. तो आता पक्का बसला आहे. माझी आई मात्र अजून पानीच म्हणते, आणि तिच्या हातचं पिऊन कुणाची तहान अर्धी राहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोन दिवसांनी मुलगी माईकपुढे उभी राहिली. घरी भरपूर सराव केलेला दिसत होता.

"सर्वांणा णमस्कार. आजचा सुविचार. माणसाचं मण मोठं असावं."

मग हमालाचा मुलगा मागून म्हणाला, "बाई, मोठा मण म्हंजी किती किलोचा?" पोरं फुटली. एक दखनी बोलणारा म्हणाला, "पानी बोले तो पानीच ना बाई, पीनेकू होना, बस." त्यावर आणखी हशा. मुलीने परिपाठ कसाबसा संपवला आणि माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, माजं नाव काढा."

"का?"

"मला ण कुटं लावायचा ती कळंना. माज्या मैत्रिणीला द्या. तिचा ण लई चांगला हाय."

"यादी लावून झाली," मी म्हटलं. "बदलायची तर अख्खा महिना परत लिहावा लागतो. मला वेळ नाही."

ती गेली, पण उद्या येईल याची मला खात्री नव्हती. आज हिच्या हातातला माईक सुटला, तर पुढे वर्गातही ती हात वर करणार नाही. अशी गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. हजेरीला "उपस्थित" म्हणतात, बास.

मुख्याध्यापकांनी हे ऐकलं आणि त्यांना मैत्रिणीची कल्पना एकदम पटली. मैत्रीण विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू. तिचा ण आणि ळ ऐकावा असा. त्यांनी तिला ऑफिसात बोलावून तालीम घेतली.

"आज संध्याकाळी पाणी येणार आहे, म्हण."

"आज संध्याकाळी पाणी येणार आहे."

"वा. आणि काल?"

"काल पाणी आली."

त्यांनी कपाळाला हात लावला. मैत्रीण गोंधळली. "पण सर, ण तर बरोबर आली की."

मी म्हटलं, "सर, आपल्या शाळेत शुद्ध कोण बोलतं ते सांगा, मी त्याचं नाव लिहिते." त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "तुमची यादी आहे तशीच राहू द्या."

मुलीला मी सुट्टीत गाठलं. "नळ आला की आईला कसं उठवतेस?"

"आये, पानी आलंय, ऊट."

"उठते का?"

"लगी उटती."

"मग तशीच बोल. ण नंतर बघू. आपल्याला घाई नाही."

साहेब आले त्या सकाळी वेळापत्रक सोडून नळाला पाणी आलं. रांगा विरळ. मुख्याध्यापक घाम पुसत होते. मुलगी धावत आली, फ्रॉकचा घेर ओला, एका वेणीची रिबीन गायब. तिने माईक घेतला.

"सर्वांना नमस्कार. आज पहाटंच पानी आलंय, म्हनून निम्मी शाळा घरी पिंप भरती. ती येत्याल. तवर आपुन सुरू करू."

परिपाठ झाल्यावर साहेबांनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, पानी की पाणी?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पुस्तकात पाणी, सर. आमच्या नळाला पानी."

साहेबांनी हसू दाबलं. मग हळूच विचारलं, "आमच्या जुळे सोलापूरला आलं का गं?"

"ती म्हाईत न्हाय. बाईंना ईचारा, त्या तितंच ऱ्हात्यात."

आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. साहेब खुर्चीत जरा खचले.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं: संचालन आत्मविश्वासपूर्ण. उच्चारांकडे लक्ष द्यावे. मुख्याध्यापकांनी दुसरं वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. मी पहिलं वाक्य त्यांना एकदाच वाचून दाखवलं.

महिनाअखेरच्या शनिवारी मी डिंक घेऊन व्हरांड्यात गेले, तर ती आधीच तिथे उभी. सोबत मैत्रीण.

"बाई, नवी यादी झाली का?"

"झाली. का?"

"न्हाय, आसंच. संचालनाला दोगी चालतील का? मी पानी आनती, ही ण लावती."

मैत्रीण गंभीरपणे म्हणाली, "आणि पाणी आलं. आली नाही."

मी यादी घडी करून पिशवीत टाकली आणि टेबलाशी जाऊन अख्खा महिना परत लिहायला बसले.