अत्तारबाईंच्या वहीतलं सुटं पान

गेल्या नोव्हेंबरात अत्तारबाई मला बँकेत भेटल्या. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा तो महिना. बिबवेवाडीच्या शाखेत आम्ही रांगेत उभे होतो, बाई पुढे आणि मी मागे. नोकरीतही क्रम हाच होता. एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षं इतिहास शिकवला. म्हणजे त्यांनी शिकवला, मी उरकला. बाईंनी मागे वळून चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "बघा काळे सर, नुसतं समोर उभं राहून भागत नाही. जिवंत असल्याचाही पुरावा लागतो." मी हसलो, आणि हसता हसताच ठरवलं की आज सांगून टाकायचं. अठरा वर्षं घशाशी येऊन परत जाणारी गोष्ट... तेवढ्यात बाईंचा नंबर पुकारला गेला. माझा आला तेव्हा यंत्रावर माझा अंगठाच उमटेना. पुसून पुसून तो लाल झाला. मी जिवंत असल्याचं यंत्राला पटेपर्यंत बाई रिक्षात बसून निघून गेल्या होत्या. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या नोव्हेंबरात सांगू.

फेब्रुवारीत सायलीचा फोन आला. सायली आमची जुनी विद्यार्थिनी, आता हिंजवडीत नोकरी करते. "सर, अत्तारबाई गेल्या. पहाटे, झोपेत. दुपारी नेणार आहेत." मी नुसतं हो हो करत राहिलो. ज्या दोन माणसांपाशी मला एक कबुली द्यायची होती, त्यांतलं एक गेलं होतं आणि दुसरंच ते मला सांगत होतं.

नसीम अत्तार हे बाईंचं पूर्ण नाव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, आजोबांचं अत्तराचं दुकान. बाईंची मराठी अशी, की मराठीचे शिक्षकसुद्धा रजेचा अर्ज त्यांना दाखवून मग पुढे पाठवत. बोलणं मोजकं, पण लागायचं तिथे बरोबर लागायचं. मी वर्गात उत्तरं सांगायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. 'कारणे द्या'ची कारणंही मीच द्यायचो. एकदा बाई म्हणाल्या, "काळे सर, तुमच्या वर्गाचं हस्ताक्षर फार सुधारलंय हो." मी खूश होऊन घरी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ हसत राहिली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाईंच्या आठवी बमध्ये एक जाड, शिवलेली वही असे. कालच्या इतिहासाच्या तासाला काय घडलं, ते रोज दोन मुलांनी घरून वेगवेगळं लिहून आणायचं आणि वहीच्या एकाच पानावर, एकाने पुढे आणि दुसऱ्याने मागे, उतरवायचं. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: पाहिले, ऐकले, वाटले. मग दोन्ही नोंदी वर्गात वाचायच्या. तास एकच, पण एकाच्या नोंदीत बाई रागावलेल्या असत आणि दुसऱ्याच्या नोंदीत बाईंना सर्दी झालेली असे. मग खरं काय, हे कसं ठरवायचं? बाईंचा इतिहास इथून सुरू व्हायचा. नियम एकच. पहिला रकाना पुरता भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. मी या वहीला 'पंचनामा' म्हणत असे आणि शिक्षकखोलीत त्यावर हशाही मिळवत असे.

एकदा बाई दोन दिवस रजेवर होत्या आणि त्यांच्या वर्गावरचा बदली तास माझ्याकडे आला. पुस्तक मी खालीच विसरलो होतो. पुन्हा दोन जिने उतरायचा कंटाळा आला, म्हणून मुलांना एक भुयार सांगितलं. आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीखालून ते थेट पर्वतीपर्यंत जातं! पोरं सरसावून बसली. त्यांचे चेहरे बघून मला चेव आला आणि मी स्वतःच त्या भुयारात शिरलो, वय वर्षं नऊ, हातात कंदील. घुबडापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या सायलीने हात वर केला. "सर, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, तुमचं लहानपण साताऱ्यात गेलं." वर्गात हशा फुटला. मी एवढा ओशाळलो, की सायलीला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही शिक्षकखोलीत बाईंच्या टेबलावर पडलेली दिसली. पानाच्या पुढच्या बाजूला एका मुलाने लिहिलं होतं की काळे सर फार शूर आहेत. मागच्या बाजूला सायली. पाहिले, ऐकले हे रकाने शब्दाला शब्द अचूक, भुयार, सातारा, बाहेरचा व्हरांडा, सगळं. आणि वाटले या रकान्यात एकच ओळ होती: 'दोन्हींपैकी एक खरे असावे.' रागावल्याचं नाव नाही. उद्या शाळेची तपासणी होती आणि बाईंची वही पाहुण्यांना दाखवायचं आधीच ठरलं होतं. खोलीत कोणी नव्हतं. मी ते पान टरकावलं, घडी घालून पँटच्या मागच्या खिशात कोंबलं आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेलो.

शिवलेल्या वहीचं पान फाडलं की पलीकडचं जोडपान सुटं होतं, हे इतकी वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसाला ठाऊक असायला नको? तपासणीच्या दिवशी पाहुण्यांनी वही उचलली आणि ते कोरं जोडपान त्यांच्या पायाशी पडलं. पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना आणि सायलीला शिक्षकखोलीत बोलावून घेतलं. पान सायलीच्या पाळीचं आणि तिला मी बाहेर उभं केलेलं, तेव्हा शिक्षकाविरुद्ध लिहिलं आणि मग घाबरून तिनेच फाडलं, असा त्यांचा निकाल. तिच्याकडून माफीनामा घ्या, म्हणाले. मी तिथेच चहा पीत होतो. सायलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मोठ्या मनाने, म्हणालो, "मुलं आहेत, सोडून द्या."

बाईंनी माफीनामा लिहून घ्यायला नकार दिला. "पुरावा नाही," म्हणाल्या. "वही माझ्या ताब्यात होती, तेव्हा जबाबदारी माझी." मग मुख्याध्यापकांनी वहीच बंद केली. बाई निवृत्त होईपर्यंत ती पुन्हा निघाली नाही. त्यानंतरही बाई चांगलंच शिकवत, पण फळ्यावर. सायलीला वर्षभर वर्गात 'पानफाडी' म्हणत आणि त्या वर्षी तिचा हात पुन्हा वर झालेला मी पाहिला नाही. बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काल तुम्ही तिची बाजू घेतलीत. आभारी आहे." हे टोचून होतं की मनापासून, याचा मी अठरा वर्षं कीस पाडत होतो. ते पान परत नेऊन द्यावं असंही एकदा वाटलं. पण तोवर ती पँट धुण्यात गेली होती आणि खिशातून निघाला तो निळसर लगदा.

बाई गेल्यावर दहा दिवसांनी त्यांच्या भावाकडे गेलो. वहिनींनी चहा दिला आणि आतून खाकी वेष्टनातली वही आणली. वर चिठ्ठी होती, 'काळे सरांसाठी'. वहिनी म्हणाल्या, "आपा म्हणायच्या, ते स्वतःहून येतील, तेव्हा द्यायची." घरी येऊन उघडली. फाटलेल्या पानाची दातेरी कड तशीच होती आणि तिच्याशेजारी ते सुटं जोडपान. त्याच्या पुढच्या बाजूला बाईंच्या अक्षरात तपासणीच्या दिवसाची नोंद. पाहिले: काळे सरांच्या मागच्या खिशातून वहीच्या कागदाचा कोपरा, पान पाहिलेले नाही. ऐकले: 'मुलं आहेत, सोडून द्या.' वाटले: सांगतील.

मागची बाजू कोरी. तिथे तीन रकाने मात्र आखून ठेवलेले.

म्हणजे मी दोन दिवस तीच पँट घालतो हेही बाईंच्या नोंदीत होतं. त्या रांगेत त्या मागे वळल्या होत्या, चष्मा सारखा करून थांबल्या होत्या... आणि मी अंगठा पुसत बसलो.

त्या संध्याकाळी सायलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, आई मला त्या दिवशी घरी काय बोलली, ते तुम्हाला माहीत नाही." मी म्हटलं, नाही. "सांगेन कधीतरी. आज नको." मग तिनेच विचारलं, "बरं, सातारा खरं की भुयार?"

"सातारा."

"मग तेवढं लिहा आधी."

गेले तीन आठवडे ते सुटं जोडपान माझ्या टेबलावर आहे. पाहिले या रकान्यात टाकी, सातारा, व्हरांडा, खिसा, सगळं उतरलंय. अक्षर बरं आलंय. ऐकलेमध्ये सायलीच्या आईचं वाक्य यायचंय, त्यासाठी चार ओळी सोडल्यात. तिसऱ्या रकान्याला अजून हात लावलेला नाही.