आधी कागद दाखवा

हिलटाउनच्या चढावर नेटा कार्गिलचं आणि माझं दुकान एकमेकांना लागून. ती कपडे आखूड-लांब करून द्यायची, मी बुटांना टाचा बसवायचो आणि किल्ल्या कापायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचं मशीन थांबलं की मला कळायचं. डॉड गेल्यावर ते पंधरा दिवस बंद होतं. मग सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत मध्येच थांबायला लागलं. सगळं त्या फोनमुळे.

डॉड तिचा नवरा. कागदोपत्री जॉर्ज, पण आमच्या डंडीत त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. बस चालवायचा. पगार बँकेत जमा व्हायला लागला त्या महिन्यात त्याने कार्ड बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मला सोमवारी थोडे सुटे देत जा, म्हणजे झालं." असा माणूस. मार्चमध्ये डेपोत चहा पिताना छातीत कळ आली आणि तिथेच गेला. त्याला पुरून सहा आठवडे होतात न होतात तोच वसुलीवाल्यांनी नेटाला गाठलं.

कंपनीचं नाव घेत नाही. तिने तेव्हापासून दोनदा नाव बदललंय. बोलणारा मात्र एकच, मिस्टर प्रेंटिस. आवाज लोण्यासारखा.

"मिसेस कार्गिल, तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे. पण जॉर्ज कार्गिल यांचं २००९ सालचं एक कर्ज राहून गेलंय."

"कसलं कर्ज? मला सांगितल्याशिवाय तो बूटसुद्धा घ्यायचा नाही."

"सगळ्याच बायकांना तसं वाटतं हो. पुरुषमाणसं घरी बोलत नाहीत. घोडे असतात, पत्ते असतात. मी काही म्हणत नाही."

"आणि ते मी द्यायचं? सहीसुद्धा नाही माझी."

"कायद्याचं राहू द्या. त्यांच्या नावाला बट्टा लागू द्यायचा का, एवढंच विचारतोय."

बघा कसं बोलला. 'तुम्ही देणं लागता' असं म्हणालाच नाही, कारण ती लागत नव्हती. आमच्याकडे स्कॉटलंडात नवऱ्याचं कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटतं, बायकोच्या शिलाईतून नाही. डॉडने मागे ठेवलं होतं एक घड्याळ आणि फुटबॉलचे मफलर. प्रेंटिसला हे पक्कं ठाऊक होतं. नेटाला नव्हतं. ती दर महिन्याला चाळीस पौंड भरायला लागली.

एखादा हप्ता चुकला की दिवसातून चार-चार फोन. तिने उचलला नाही तर माझ्या दुकानात. "शेजारच्या मिसेस कार्गिलना जरा निरोप द्याल? थकबाकीचं आहे." असं तिऱ्हाइताला सांगायची त्यांना मुळीच परवानगी नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी निमूटपणे जाऊन, समोर गिऱ्हाईक उभं असताना, निरोप दिला. वर शहाणपणा केला, "देऊन टाक नेटा, कशाला कटकट." ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पैशांचं दुःख तिने कधी केलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. एकदा दुपारी ती माझ्या दारात आली, तोंडात टाचण्या. त्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "टॅम, शनिवारी तो खरंच मॅचला जायचा का रे?"

"माझ्या शेजारीच बसायचा."

"दर शनिवारी?"

"जवळजवळ."

"जवळजवळ," ती म्हणाली आणि परत गेली.

मी 'दर शनिवारी' म्हणायला हवं होतं. दोन-तीनदा मीच सर्दीने घरी राहिलो होतो, म्हणून खरं बोलायला गेलो. त्या आठवड्यात तिने पाथरवटाला फोन करून सांगितलं, की दगडावर डॉडचं नाव आणि तारखा कोरा, खालची ओळ नको. ती ओळ अशी होती: 'याने कधी कुणाला फसवलं नाही.' बॅल्गेच्या टेकडीवर, त्याच्या थडग्याकडे, ती मग गेलीच नाही. जवळजवळ दोन वर्षं.

मिस ऑक्टरलोनी तिच्याकडे आल्या त्या मेलेल्या भावाचा कोट स्वतःच्या मापाचा करून घ्यायला. निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून दोन दिवस सल्ला केंद्रात लोकांना फुकट कायद्याचा सल्ला देणाऱ्या. नेटा त्यांच्या बाहीला टाचण्या लावत असताना फोन वाजला. प्रेंटिस. त्या महिन्याचा हप्ता राहिला होता. माणूस पाठवून मशीन उचलून नेऊ, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. नेटाच्या हातातली टाचणी बाईंच्या दंडात गेली.

"कोण होतं?" बाईंनी विचारलं. दंडाबद्दल बोलल्या नाहीत.

नेटाने सांगितलं. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि उठून तिकडे गेलो, कारण बाईंचा आवाज चढला होता.

"मशीन उचलणार? कोर्टाच्या हुकमाशिवाय? अहो, तो फोनवरचा नोकर आहे. कोर्टाची माणसं वेगळी असतात, आणि पोटापाण्याचं हत्यार त्यांनासुद्धा सहजासहजी हलवता येत नाही. कर्जाचा कागद पाहिलात का तुम्ही?"

"नाही."

"डॉडची सही?"

"नाही."

"मग दोन वर्षं कशाचे पैसे भरताय?"

नेटा स्टुलावर बसली. "तो म्हणाला म्हणून."

बाई एका बाहीतच तिच्याजवळ बसल्या. "नीट ऐका. फोनवर काही कबूल करायचं नाही. जे काय आहे ते लेखी मागायचं. कर्ज कुणाचं, कधीचं, सही कुठे, ते दाखवणं त्यांचं काम आहे. तुम्ही वाद उपस्थित केलात की चौकशी होईपर्यंत त्यांनी मागे लागायचं नाही. आणि दुकानात फोन नको म्हटलं की नको."

"त्याने डॉडचं नाव खराब केलं तर?"

"ते तर त्याने कधीच केलंय," मिस ऑक्टरलोनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेंटिसचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम तिथेच उभा होतो. नेटाने स्पीकर लावला.

"आधी कागद दाखवा," ती म्हणाली.

"मिसेस कार्गिल, आपलं इतकं छान चाललं होतं."

"तुमचं चाललं होतं. सहीचा कागद पोस्टाने पाठवा. तोवर या नंबरवर फोन नको. शेजारी तर नकोच."

"कुणीतरी तुमचे कान भरलेले दिसतात."

"हो, भरलेत. दोन वर्षं उशिरा भरलेत."

पाकीट यायला पाच आठवडे लागले. नेटाने माझ्यासमोर उघडलं. जॉर्ज कार्गिल, बरोबर. जन्मसाल एकोणीसशे सत्तेचाळीस. आमचा डॉड बावन्नचा. पत्ता शेजारच्या आर्ब्रोथ गावचा, डॉड कधी राहिला नाही तिथला. खालची सही डावीकडे झुकलेली, डॉडची नव्हेच. दुसराच माणूस होता तो. कंपनीने मेलेल्यांच्या यादीत नाव शोधलं, सापडलं, आणि विधवेला फोन लावला. जन्मतारीख पडताळायला कितीसा वेळ लागतो? पण नेटा पैसे देत होती. देणाऱ्याची खातरजमा कोण करतं?

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मी त्याला शिव्या दिल्या, टॅम. दोन वर्षं रोज रात्री झोपताना." मग उठली, पाथरवटाला फोन केला आणि ती ओळ कोरायला सांगितली. तिथूनच सरळ बॅल्गेला गेली. मी बरोबर गेलो नाही.

बाईंनी तक्रार लिहून दिली. कंपनीने आधी 'गैरसमज' म्हटलं, मग प्रकरण कर्ज-बँकांच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालांकडे गेल्यावर सगळे पैसे परत केले आणि वर शंभर पौंड 'गैरसोयीबद्दल' दिले. गैरसोय म्हणे. बस चुकते तेव्हा गैरसोय होते. पत्राखाली माणसाचं नाव नव्हतं, नुसता विभाग. प्रेंटिसचं काय झालं, हे विचारलं तर उत्तर आलं नाही.

आम्हाला वाटलं, संपलं. नेटा मात्र तो सहीचा कागद समोर ठेवून बसली होती.

"आता ते या आर्ब्रोथवाल्याकडे जातील," ती म्हणाली. "खरा सापडला ना त्यांना."

"त्याने घेतलंय कर्ज. त्याचं तो बघेल."

"तू मलाही असंच काहीसं म्हणाला होतास."

रविवारी मी व्हॅन काढली. वाटेत तिने मिस ऑक्टरलोनींना फोन करून सगळं पुन्हा विचारून घेतलं.

आर्ब्रोथला दार एका उंच, सुकलेल्या बाईने साखळी लावूनच उघडलं. नेटाने "कर्जाबद्दल बोलायचंय" एवढं म्हणताच ते धाडकन बंद झालं. चूक आमचीच. नेटा गुडघ्यांवर बसली, दारातल्या, पत्रं टाकायच्या फटीची झडप उचलली आणि आत बोलायला लागली.

"मी वसुलीवाली नाही. मी शिंपीण आहे. तुमच्या नवऱ्याच्या नावाने त्यांनी मला दोन वर्षं लुबाडलंय."

नेटाने तोंड फटीच्या आणखी जवळ नेलं.

"फोनवर हो म्हणू नका. एक पौंडही पाठवू नका, काही लिहूनही देऊ नका. २००९ नंतर तुम्ही काही भरलंय का, किंवा कर्ज कबूल केलंय का?"

आतून आवाज आला. "नाही. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला, तेव्हापासून काहीच नाही. कुणी विचारलंही नाही. गेल्या महिन्यापासून फोन सुरू झालेत."

"कोर्टाचं काही आलंय?"

"नाही."

"मग बहुतेक ते कर्जच उरलेलं नाही. पाच वर्षं अशी गेली की आपल्याकडे कायद्याने संपतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, सल्ला केंद्रात जाऊन विचारा. पत्ता आत टाकते."

"तो माणूस म्हणतो, यांची खुर्ची नेईन. चाकांची."

नेटाने झडप सोडली नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. दोन वर्षांत मी तिला इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं. "काय नाव सांगतो तो?" तिने विचारलं.

"प्रेंटिस."

साखळी निघाल्याचा आवाज आला. घरच्या बाईंनी आम्हाला आत घेतलं, किटली ठेवली, आणि नेटा कोट न काढताच टेबलाशी बसून म्हणाली, "पेन आहे का घरात? तक्रार आजच लिहू."