नेच्याची पाठवणी

"जरा सबर करा, तिला गरम होऊ लालंय," म्हणत काकू आधी कुंडीवर पाणी शिंपडायच्या, मग आपल्याला चहा विचारायच्या. चिक्कडपल्लीत आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहत. 'ती' म्हणजे डोंगरावरच्या एका नर्सरीतून आणलेलं नेच्याचं रोप. थंड हवेत हा नेचा झाडाएवढा होतो म्हणे. काकूंकडे तो गुडघ्याच्या वर कधी गेला नाही.

उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर कुंडीकडे तोंड करून चाले. काका बनियनवर घाम पुसत बसत. "या घरात माझा नंबर झाडानंतर," ते म्हणत.

"हौ, तुम्ही काय वाळून जाणार आहात का?"

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. मला तर त्यांचं हसूच यायचं.

मग मुलानं कुकटपल्लीत फ्लॅट घेतला. सगळ्यात वरचा मजला, दिवसभर ऊन. रोप तिथे जगणार नाही, हे काकूंनी पहिल्याच चकरेत ओळखलं. त्याच सुमारास आमची बायकांची सहल निलगिरीला निघाली. काकू कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

तिथल्या बागेत धुक्यानं भरलेला एक उतार होता आणि त्यावर नेचेच नेचे. दोन पुरुष उंच काळी खोडं, डोक्यावर पानांचं छप्पर. आमच्या बायका देवळातसुद्धा गप्प बसत नाहीत, इथे कुणी बोलेना.

"एवढी व्हायची होती ही," काकू हळूच म्हणाल्या. "आपण उगंच अडवून ठेवलं की हिला."

माळी बाहेरचं रोप घेईना, कीड येते म्हणाला. काकूंना तमिळ येत नव्हतं, त्या तेलुगूतच विनवत राहिल्या. शेवटी त्यानं रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. काही दिवस वेगळं ठेवू, निरोगी राहिलं तर उतारावर लावू, म्हणाल्या.

काकूंनी पिशवीतून हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ काढला आणि सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी रोपाची ओटी भरली. माळ्यानं नारळ उचलून बाजूला ठेवला.

"राहू द्या, तिचा आहे."

त्यानं तो परत कुंडीत ठेवला. परतीच्या गाडीत काकूंनी मांडीवर काहीच घेतलं नाही, माझी पिशवीसुद्धा नाही.

पुढे बरीच वर्षं झाली. काकूंना पुन्हा तिकडे जाणं जमलं नाही, आणि गेल्या वर्षी त्या वारल्या. यंदा मी त्या बागेत गेले. माळी तोच होता, केस पिकलेले. काकू त्याला आठवत होत्या. त्यानं हसून उताराकडे हात केला.

मान वर करून मी एकेका झाडाखाली उभी राहिले. सगळी उंच, सगळी हिरवीगार. त्यातली काकूंची कोणती, ते मला ओळखता आलं नाही.