इन्सुलिनचं पान

पुण्याहून येऊन चेन्नईजवळच्या तांबरमला मी एका मामींकडे भाड्यानं राहत होते. मामी तंजावरकडच्या मराठी, एकट्या, मुलगा परदेशात. मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ. त्यांना मधुमेह होता आणि हात कापायचे, म्हणून रोज सकाळी इडलीच्या आधी इन्सुलिनची सुई मीच टोचायची. सुई दिसली की त्या आधी मारुतीला हाक मारायच्या, मग मुलाला.

माझी नोकरी प्रयोगशाळेत. तंबाखूच्या रोपात माणसाच्या इन्सुलिनचं जनुक घालायचं आणि पानांत इन्सुलिन तयार होतं का ते बघायचं. हे मी मामींना सांगितलं, ही माझी अक्कल. आठवड्याभरात गल्लीभर झालं की मराठी पोरगी साखरेवरचं पान उगवतेय. समोरचे निवृत्त हेडमास्तर रोप मागायला आले ते कुंडी घेऊनच.

"मामी, पान खाऊन काही होत नाही हो," मी सांगितलं. "इन्सुलिन म्हणजे प्रथिन. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. पानातून काढून शुद्ध केलं, तरी द्यायचं सुईनंच."

"तू आधी उगव गे," मामी म्हणाल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी दार उघडता उघडता तोच प्रश्न, "पान झालं का?" मी म्हणायचे, नाही. "बरं," म्हणून त्या कॉफी ठेवायला जायच्या. माझं डोकंच फिरायचं. पानांत इन्सुलिन निघायचं ते नावाला, प्रयोगशाळेतले साहेब तोंड पाडून बसलेले, आणि घरी ही हजेरी!

शेवटी प्रकल्प बंद झाला. असली रोपं बाहेर जाऊ द्यायची नसतात. वाफेवर शिजवून जाळावी लागतात. मी लावलेली रोपं मीच पिशव्यांत भरली. शिजताना उकडलेल्या पालेभाजीचा वास सुटला. फार वाईट वाटलं.

घरी आले आणि मामींनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "पान होणार नाही आता. संपलं सगळं."

मला वाटलं, सुई जन्माची मागे लागली म्हणून आता रडारड होणार.

"म्हणजे तू पुण्याला चाललीस," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुमची सुई..."

"सुई राहणार, हे तू पहिल्याच दिवशी बोललीस की. मी काय बहिरी आहे? पान होईतो तू इथून हलत नाहीस, एवढं मला पुरत होतं."

पुण्याचं तिकीट मी दुपारीच काढलं होतं.