आजींनी बंद करायला सांगितलेलं रेकॉर्डिंग

२००६. अमेरिकेत, स्टेट कॉलेजला माझं दुसरं वर्ष. मी इतकी फास्ट टाइप करायचे की हिस्टरीच्या प्रोफेसरनी मला थेट प्रोजेक्टवर घेतलं. सगळे त्यांना फर्स्ट नेमने हाक मारायचे, माझी जीभच वळेना, मी आपली मनात मॅडमच म्हणायचे. आणि काय भारी वाटायच्या मला त्या! आईला दर फोनवर मॅडमपुराण.

प्रोजेक्ट असा : महायुद्धात जपानी सैन्याने कोरियातून मुली नेल्या, सैनिकांसाठी कोंडून ठेवल्या. त्यातल्या एक आजी आमच्यापासून दोन तासांवर मुलाकडे राहायच्या. मॅडम प्रश्न विचारायच्या, आमच्या डिपार्टमेंटची कोरियन ताई इंग्लिश करायची, मी टाइप. नियम एकच. आजींनी हात वर केला की रेकॉर्डर बंद, लॅपटॉप बंद.

तिसऱ्या व्हिजिटला त्यांनी हात वर केला. मॅडमनी बटण दाबलं, मी झाकण मिटलं. मग आजी हळूच बोलल्या. तिथे त्यांना मुलगी झाली होती. मागेच ठेवून यावी लागली.

"मुलाला माहीत नाही," ताई म्हणाली. "मी गेल्यावरही कळायला नको, म्हणतायत."

आजी माझ्याकडे बघत होत्या. मी पटापट मान हलवली.

सोमवारी मॅडमनी टायपिंगला ऑडिओ दिला. हेडफोनमध्ये माझ्याच लॅपटॉपचं झाकण टक्‌ वाजलं, आणि आजी बोलतच राहिल्या. मॅडमच्या पर्समध्ये दुसरा रेकॉर्डर चालू होता!

मी तडक ऑफिसात गेले. "तो बॅकअप असतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्या गेल्यावर हे कोण सांगणार? टाइप करून ठेव. वापरणार नाही आपण."

मी टाइप केलं.

"केलंस?" नागपूरची रूममेट ओरडलीच. "अबे, त्या म्हातारीला मान हलवून आलीस ना तू?"

"वापरणार नाही म्हणाल्यात, यार."

"मग टाइप कशाला पाहिजे? बावळट!"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

स्प्रिंगमध्ये लायब्ररीत एक्झिबिशन लागलं. मॅडमनी आजींना आणि त्यांच्या मुलालाही बोलावलं होतं. भिंतीवर मोठा बोर्ड, आजींच्या हातांचा फोटो, आणि शेजारी ते मुलीचं सगळं. माझं टायपिंग, कॉमासकट. नाव तेवढं नव्हतं. पण आईचे हात मुलाला ओळखू येणार नाहीत का?

मुलाने बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मग आजींच्या व्हीलचेअरपाशी वाकून त्याने काहीतरी विचारलं. आजींना इंग्लिश वाचता यायचं नाही. त्यांनी आधी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मॅडमना शोधत होते. त्या पलीकडे कॅमेऱ्यासमोर हसून इंटरव्ह्यू देत होत्या.

आजी ताईला काहीतरी म्हणाल्या. ताईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हे कोणी लिहिलं, विचारतायत."

मॅडमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"मी," म्हटलं.