व्हय म्हाराजा, न्यूझीलंडहून

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून यायचा नियम आहे. धूळ आत येऊ नये म्हणून. धूळ तरीही येते, आणि तिच्यासोबत किस्सेही येऊन साचतात. चार संगणक, एकेका संगणकापुढे तीन-तीन मुलं, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. सांगायला बसले की एकातून दुसरा निघतो. पण दोन हजार सात सालचे, रग्बीचे जे आहेत, ते मी अलीकडेच सांगायला लागले. आधी नुसती आठवण निघाली तरी मी विषय बदलायची.

मुळात मी घाबरट. दार वाजलं तरी दचकते. त्यात त्या वर्षी माझी नेमणूक तात्पुरती होती, दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची. पुढे ठेवायचं की नाही ते लिमये सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, ठरवणार होते. नाही ठेवलं तर मी घरी, आणि घरी आई पुण्याच्या एका स्थळाला हो म्हणायला टपलेलीच होती. स्थळाला मी पाहिलेलंही नव्हतं.

*

परदेशातल्या वर्गाबरोबर मिळून ब्लॉग लिहायचा, अशी एक योजना मला इंटरनेटवर सापडली. त्यात विषय निवडायचे होते. झाडं, पाणी, सण हे सगळं आधीच कोणी कोणी घेतलेलं. ‘खेळ’ तेवढा उरला होता, आणि जोडीला न्यूझीलंडचा वर्ग. न्यूझीलंड म्हणजे क्रिकेट, एवढं मला माहीत होतं. मी घाईघाईने होकार कळवला. नववीची पोरं खूश.

पहिलं पत्र आलं. त्यांच्या कॅरन मॅडमनी लिहिलं होतं, आमची मुलं क्रिकेटही बघतात, पण सप्टेंबरात रग्बीचा विश्वचषक आहे, तेव्हा वर्षभर रग्बीवरच लिहू या का? तुमच्याकडे कोणता संघ लोकप्रिय आहे?

वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मिरजोळ्याचा मंगेश, आमच्या कबड्डी संघाचा कॅप्टन, म्हणाला, “लिहा की बाई, आमचा अजून ठरायचा हाय.”

मी लिमये सरांना सांगायला गेले. सरांनी चष्मा काढला. “परराष्ट्र खात्याचं काम आपल्या शाळेने कशाला अंगावर घ्यायचं? बरं, घेतलंत. दिवाळीपर्यंत बघू. पण तिकडून एक तक्रार आली, की ब्लॉग बंद. आणि ब्लॉग बंद म्हणजे तुमचे तासही...” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी रात्रभर पूर्ण करत बसले.

*

रग्बी म्हणजे काय ते आम्हाला कळावं म्हणून त्या वर्गाने एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्या शाळेतली मुलं सामन्याआधी ‘हाका’ नावाचा माओरी नाच करतात, त्याचा. आमचं इंटरनेट असं, की सकाळी लावलेला व्हिडिओ मधल्या सुट्टीत उतरला. पोरं डबे खायला गेलेली. म्हटलं, आधी आपण बघून घ्यावा.

पंधरा ऑगस्टच्या गाण्यांसाठी कोणीतरी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. मी बटण दाबलं मात्र, आणि पन्नासेक मुलं मांड्यांवर थापा मारत, डोळे वटारून, जिभा बाहेर काढून माझ्या अंगावर ओरडली. मीही ओरडले. माझी किंकाळी त्यांच्यापेक्षा मोठी होती, असं नंतर सायलीने सांगितलं, आणि ती नळावर डबा धूत होती.

लिमये सर छत्री घेऊन धावत आले. मारायला. दाराशी थांबले, कारण सर कधीच कक्षात येत नसत. नाडीचे बूट, ते काढून पुन्हा कोण बांधत बसणार. उंबऱ्यावर उभे राहूनच त्यांनी पडद्याकडे बघितलं.

“ही मुलं काय मागतायत?”

“काही नाही सर. स्वागत करतायत.”

सरांनी उगारलेली छत्री खाली घेतली. “स्वागत हे असेल, तर निरोप बघायला मला बोलावू नका.”

*

रग्बीचा नियम असा, की चेंडू हाताने पुढे फेकायचाच नाही. मागच्या गड्याला द्यायचा, आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. हे वर्गाला पटेना. सायली, जिचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं आणि जी सगळं भाषांतर करायची, तिने तीनदा वाचलं आणि म्हणाली, “बाई, त्यांनी लिहिताना चूक केलीय.”

लिमये सर उंबऱ्यावरून ऐकत होते. “चूक नाही ती. आपल्या शाळेच्या नव्या खोल्यांची फाइल बघा. जो तो मागच्याकडे देतो, आणि म्हणतात, प्रकरण पुढे सरकतंय. हा खेळ मला येतो.”

ब्लॉगवर सायलीने हे जसंच्या तसं घातलं. त्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, तुमचे मुख्याध्यापक कोणत्या जागेवर खेळायचे? मी सरांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी सर भांग नीट पाडून आले.

*

मग खेळून बघायचं ठरलं. रग्बीचा चेंडू रत्नागिरीत मिळेना. मंगेश घरून शहाळं घेऊन आला. आकार बऱ्यापैकी तोच. आमचं मैदान म्हणजे जांभ्याचा सडा, नुसता उघडा कातळ, पडलं की गुडघ्याची साल निघणार. म्हणून पाडायचं नाही, कबड्डीसारखी पकड करायची, आणि शहाळं घेऊन पळणाऱ्याने तोंडाने “कबड्डी, कबड्डी” म्हणत राहायचं, असं पोरांनी ठरवलं. मी कडेला प्रथमोपचाराची पेटी उराशी धरून उभी. एकही पोरगं पडलं नाही. माझाच पाय मुरगळला, घाबरून मागे सरकताना.

त्या दिवशीची ब्लॉगवरची नोंद मंगेशची. पूर्ण नोंद अशी : “मध्यंतरात सामना संपला. आम्ही चेंडू प्यालो.”

त्या नोंदीखाली जेवढी उत्तरं आली तेवढी वर्षभरात कशालाच आली नाहीत. कॅरन मॅडमनी लिहिलं, आमच्या मुलांनी तुमच्या नियमाने खेळून बघितलं, दम कोणालाच पुरला नाही. आणि आमचा चेंडू पिता येत नाही, याचं सगळ्यांना वाईट वाटतंय.

*

खरी मजा आली ती हाडवैराच्या धड्यात. न्यूझीलंडची मुलं एरवी फार गोड. ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’शिवाय वाक्य नाही. पण ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की भाषा बदलायची. एका मुलीने लिहिलं, ऑस्ट्रेलिया कोणाशीही खेळत असो, आम्ही त्या कोणाच्याही बाजूने असतो. माझा काका सिडनीला नोकरी करतो, तो घरी आला की आम्ही त्याला आधी विचारतो, तू अजून आमचाच आहेस ना?

पोरांनी ते सायलीला पुन्हा वाचायला लावलं. आमच्यातल्या निम्म्या पोरांचे वडील मुंबईला.

मंगेशने उत्तर सांगितलं, सायलीने लिहून घेतलं : “तुमची सिडनी म्हणजे आमची मुंबई. कामाला जायचं. पण माझे बाबा गणपतीला आले, की कबड्डीच्या मैदानावर आमच्याच बाजूला बसतात. समोर मुंबईचा संघ असला तरी.”

आणि खाली पुन्हा : “ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर आमच्याकडे खाडीपलीकडची शाळा आहे. तिच्याशी आम्ही दरवर्षी फायनल खेळतो. तुमच्यासारखंच आहे सगळं.”

सायलीने विचारलं, एवढं वैर आहे तर खेळता कशाला त्यांच्याशी? तिकडून उत्तर आलं, नाहीतर हरवण्यात मजा येईल असं दुसरं आहे कोण?

मंगेशने मान डोलावली. “शहाणी हायत पोरं.”

*

विश्वचषकाचे मोठे सामने जवळ आले, तसं पोरांच्या मनात आलं, की त्यांच्या हाकाला आपण उत्तर दिलं पाहिजे. आपल्याकडे काय आहे? गाऱ्हाणं आहे. शिमग्यात गावकरी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, एक जण मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागे बाकीचे एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात. न्यूझीलंडचा संघ काळ्या कपड्यांत खेळतो, त्याच्यासाठी पोरांनी गाऱ्हाणं लिहिलं. खाली सायलीचं इंग्रजी.

“बा देवा म्हाराजा, ही काळ्या कपड्यांतली पोरां लांबच्या मुलखातली हायत, पण आपलीच हायत. ह्यांना यश दे. आणि ऑस्ट्रेलियाला काय द्यायचां ता तुझा तू बघ. व्हय म्हाराजा.”

तिकडून विचारणा झाली, हे महाराज म्हणजे कुठले राजे? सायलीने लिहिलं, राजे नाहीत, गावचा देव. पण कामं राजासारखी करतो.

मग तो शनिवार आला. एकाच दिवशी ऑस्ट्रेलिया इंग्लंडकडून हरली, आणि न्यूझीलंड फ्रान्सकडून.

सोमवारी मी कक्षात आले तर मंगेश आधीच संगणकावर, आणि प्रतिक्रिया लिहून, पाठवून मोकळा. स्वतःच्या इंग्रजीत. सायलीने मला ती वाचून दाखवली. “देवाने अर्धं ऐकलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या विश्वचषकापर्यंत थांबा.”

“मंगेश, अरे हे काय लिहिलंस? त्यांच्याकडे सुतक असेल.”

“खोटां काय हाय त्यात बाई? आर्धां तर ऐकलानच की त्याने.”

*

त्यानंतर तिकडून एक अक्षर नाही. रोज लिहिणारी मुलं गप्प. मी दिवसातून किती वेळा ब्लॉग उघडला असेन ते विचारू नका. लिमये सर उंबऱ्यावर यायचे. “न्यूझीलंडचं काय?” मी म्हणायची, “परीक्षा असेल सर.” घरी आईने पुण्याच्या स्थळाचा फोटो शोकेसमध्ये, घड्याळाशेजारी लावला. म्हणजे वेळ बघायला गेलं की तो दिसणार.

एका सकाळी ई-मेल आला. कॅरन मॅडमचा. विषय : ‘तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रतिक्रियेबद्दल’.

मी त्यावर क्लिक केलं आणि लाइट गेली. भारनियमन. यूपीएस टुंई टुंई करत राहिला आणि तोही मेला.

मी तासभर तिथेच बसून मनातल्या मनात माफीचं पत्र लिहिलं, राजीनामा लिहिला, पुण्याच्या स्वयंपाकघरात कोणत्या खिडकीतून उजेड येत असेल तेही बघितलं. सायली येऊन म्हणाली, “बाई, पाणी आणू?” मी दचकून माउस खाली पाडला.

लाइट आली. ई-मेल उघडला. लिहिलं होतं, की सामना हरल्यापासून वर्गात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं, ब्लॉगकडे तर बघतही नव्हतं. मग काल एका मुलीने मंगेशची प्रतिक्रिया मोठ्याने वाचली. सगळे हसले. हरल्यानंतर पहिल्यांदाच. ती आता आम्ही फळ्याच्या वर लावली आहे. मुलांनी कळवायला सांगितलंय, की देवाने जे अर्धं ऐकलं त्या कामावर ती अत्यंत समाधानी आहेत.

मी टेबलावर डोकं ठेवलं. सायलीला वाटलं मी रडतेय, म्हणून ती मंगेशला मारायला गेली.

*

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी कबड्डीची फायनल झाली. खाडीपलीकडच्या शाळेशीच. आम्ही एका गुणाने हरलो, तेही मंगेशची शेवटची चढाई पकडली गेल्यामुळे. दुसऱ्या दिवशी, शाळेच्या शेवटच्या दिवशी, पूर्ण शाळा खाली मान घालून फिरत होती. लिमये सरसुद्धा. ते स्वतः लहानपणी याच मैदानावर त्याच खाडीपलीकडच्या शाळेकडून हरले होते, असं शिपाईमामा म्हणाले.

सकाळी सरांनी मला व्हरांड्यात गाठून एवढंच सांगितलं, “नववीच्या तासाला येतो. तुमच्या ब्लॉगचं आणि तुमचं काय ते आजच सांगून टाकतो.” चेहरा असा, की मी “बरं सर” म्हणायच्या ऐवजी “सॉरी सर” म्हणाले.

तासाला पोरं येऊन बसली. कोणी संगणकाला हात लावेना. आदल्या संध्याकाळी मंगेशने ब्लॉगवर दोनच शब्द टाकले होते : “आम्ही हरलो.” मी दाराकडे पाठ करून बसले, म्हणजे सर आलेले दिसायला नकोत. सायलीने ब्लॉग उघडला आणि म्हणाली, “मंगेश, तुला काहीतरी आलंय. तूच वाच.”

इंग्रजी होतं, पण सुरुवातीचे शब्द आमचेच, त्यांच्या लिपीत. मंगेश अडखळत वाचायला लागला, सायली शेजारून मराठी सांगत गेली.

“बा देवा म्हाराजा. आम्ही लांबून बोलतोय, आवाज पोचत नसेल तर सांग. ही पोरं जीव तोडून खेळली तरी हरली. कसं वाटतं ते आम्हाला ठाऊक आहे. ह्यांच्या कॅप्टनला पुढच्या वर्षी बळ दे. आणि खाडीपलीकडच्या शाळेचं काय करायचं ते, ऑस्ट्रेलियाचं केलंस तसं, तुझं तू बघून घे.”

मंगेश थांबला. पुढचं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, पण तो बाहीने नाक पुसत होता आणि बाकीची पोरं खाली बघत होती. पंखा तेवढा कुरकुरत होता.

तेवढ्यात अगदी माझ्या कानामागून, भरदार आवाजात आलं, “व्हय म्हाराजा.”

मी खुर्चीतून ताडकन उठले. मागे लिमये सर उभे होते, नुसत्या मोज्यांवर. दाराबाहेर पोरांच्या चपलांच्या रांगेत, नाड्या आत खोचून, त्यांचे बूट ठेवलेले होते.