अर्ध्या नोटेची पोच

नोटा जमवणाऱ्या माणसाला नोटा किती आहेत हे विचारू नये. पाठवलेल्यांपैकी किती पोचल्या नाहीत ते विचारावं, म्हणजे बसायला पाट मिळतो आणि वर चहा. असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. नोट जाते आणि तिच्या जागी किस्सा राहतो. आमच्या तिघांच्या संग्रहात आता किस्सेच जास्त झालेत. खरं सांगायचं तर ते सांगताना पूर्वीसारखं हसू येत नाही.

तिघे म्हणजे बेळगावच्या खडेबाजारात तसबिरींना चौकटी करणारे आप्पा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अण्णा, आणि पोस्टात रजिस्टर-विम्याच्या खिडकीवर बसणारा मी. मला दोघेही मास्तर म्हणतात. मी शाळेत कधी शिकवलं नाही, पण पोस्टात खुर्चीवर बसलेल्या कुणालाही आमच्याकडे मास्तरच म्हणतात. अण्णा शनिवारी बाजाराच्या कामानं बेळगावला यायचे, मुक्काम करायचे आणि रविवारी आप्पांच्या दुकानात आमची बैठक व्हायची. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हणून बैठक चारला उठायची. परदेशातल्या नोटा मागवायच्या आणि बदल्यात आपल्याकडच्या जुन्या पाठवायच्या, एवढाच आमचा उद्योग. चालणाऱ्या नोटेपेक्षा न चालणारी बरी, अशा मताची माणसं! घरच्यांनी आमची आशा केव्हाच सोडली होती.

आप्पांना हा नाद तरुणपणापासूनचा. अण्णा मात्र उशिरा आले, ते मुलामुळे. त्यांचा भूपाल बापाशी भांडून रंगूनला गेला आणि तिथंही तंबाखूच्याच दुकानात लागला. वर्षभरानं त्याचं पहिलं पाकीट आलं. आत पत्र नाही, फक्त पाचाची एक नोट. नोट आपल्याच राजाची, पण वर छापलेलं, की ही फक्त ब्रह्मदेशात चालेल. अण्णा ती घेऊन माझ्या खिडकीवर आले. "हिकडं चालत न्हाय, तर धाडली कशाला म्हंतो मी?" मी त्यांना आप्पांकडे नेलं. आप्पांनी नोट भिंगाखाली धरून अशी काही वाहवा केली, की अण्णा त्या दिवसापासून आमच्यातले झाले.

मुलाला 'परत ये' एवढे दोन शब्द त्यांनी कधी लिहिले नाहीत. दहाची असली तर धाड, असं लिहायचे. तो धाडायचा. बापलेकांचं बोलणं तेवढंच. भूपाल घरी यावा यापलीकडे अण्णांना काही नको होतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

*

आप्पांनी बाहेर पाठवलेली पहिली नोट जर्मनीला गेली. पहिल्या लढाईनंतरची गोष्ट. तिकडच्या एका संग्राहकाचा पत्ता कुठून तरी मिळाला होता.

चौकटी करणाऱ्या माणसाला जगात एकच भीती, कागद सुरकुतण्याची. आप्पांनी नोटेला मागून सबंध खळ लावली, ती पुठ्ठ्यावर चिकटवली आणि चार दिवस काचांच्या ओझ्याखाली दाबून ठेवली. अशी बसली, की बोट फिरवलं तरी कड लागेना. मी लाखेचे पाच शिक्के मारून पाकीट रवाना केलं.

तीन महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. "आपला पुठ्ठा पोचला. पुठ्ठा उत्तम आहे. त्यापासून नोट वेगळी करायचा मी आठवडाभर प्रयत्न केला. आता पुठ्ठाच उरला आहे."

आप्पांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "खळ चांगली जमलीवती म्हणायची."

*

तो जर्मन माणूस मात्र भला. नोट न मिळताही त्यानं बदल्यात एक पाठवली. तिच्यावर इतकी शून्यं होती, की आम्ही बोट ठेवून मोजली आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी आली! आप्पांनी ती चौकटीत बसवून दुकानाच्या दर्शनी भागात टांगली. गल्ली लोटली बघायला. आप्पांनी आता चौकटी करायचं सोडून द्यावं, असा सल्लाही दोघातिघांनी दिला.

पुढचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, की आपल्याला हव्या असतील तर अशा आणखी पाठवतो, आम्ही हल्ली त्यांनीच चूल पेटवतो. पण या पाकिटाला जी तिकिटं लावली, त्यांच्या किमतीत मागची नोट दोनदा आली असती. तेव्हा यापुढे लिहिणं परवडेल असं वाटत नाही.

परवडलं नाहीच. पुन्हा पत्र आलं नाही. आप्पांनी चार पत्रं घातली, मग थांबले. ती चौकट दुकानात अजून आहे, फक्त तिचं तोंड भिंतीकडे केलेलं आहे.

*

आता माझा पराक्रम. दुसऱ्यांना हसतो आणि स्वतःचं झाकतो, असं कुणी म्हणायला नको.

कोलंबोच्या एका वकिलाला आम्ही एक जुनी, रद्द झालेली नोट पाठवणार होतो. देशाबाहेर जाणाऱ्या पाकिटावर आत काय आहे आणि त्याची किंमत काय, हे लिहावं लागतं. नोट लिहिली तर पैसा झाला, आणि पैशाला शंभर कायदे. पण रद्द झालेली नोट पैसा कशी? मी सरकारी नोकर, खोटं लिहायला हात धजेना. विचार करकरून मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जुना कागद, किंमत काही नाही.'

वकिलाच्या कारकुनानं ते वाचलं आणि पाकीट न फोडताच केराच्या टोपलीत टाकलं. त्याचं तरी काय चुकलं? तोही माझ्यासारखाच लिहिलेलं खरं मानणारा.

नोट आप्पांची होती, त्यांच्या वडिलांच्या पेटीतली. आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण पुढचे तीन रविवार माझ्या चहात साखर नव्हती.

*

अण्णांनी आमचे हे सगळे किस्से ऐकले आणि जाहीर केलं, की आम्हा दोघांना माल बांधायची अक्कल नाही. निपाणीत लुगड्यात तंबाखू, धान्यात तंबाखू, पोथीतसुद्धा तंबाखू. तंबाखू असली की कसर लागत नाही, कीड शिवत नाही. मडगावच्या एका डॉक्टरांना त्यांना नोट द्यायची होती. अण्णांनी उत्तम पानांची जुडी बांधली, मधोमध नोट सपाट ठेवली आणि लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या प्रवाशाकडे जुडी दिली.

हद्दीवर पोर्तुगीज शिपायांनी प्रवाशाचं सामान उघडलं. दागिने बघितले नाहीत, कापड बघितलं नाही. तंबाखू तेवढी जप्त केली! तिच्यावर तिकडे जबर जकात, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. एका निपाणीच्या व्यापाऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती तंबाखू नव्हतीच, पाकीट होतं.

डॉक्टरांनी नाक्यावर जाऊन चौकशी केली आणि कळवलं, की शिपायांनी त्या पानांचे चिरूट वळून ओढले. माल अव्वल होता, पण एका चिरुटाला कागदाचा वास आला, अशी तक्रार आहे.

अण्णा खिन्न होऊन म्हणाले, "माल अव्वल म्हनलं न्हवं? मग जाऊ द्या."

*

असं सगळं सोसून आमचे नियम ठरले. खळ नाही, तंबाखू नाही, घडी नाही. दोन पातळ फळ्यांच्या मध्ये नोट सुटी ठेवायची, वर कापड शिवायचं, मग लाख. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे नोट कधीही कापायची नाही.

हे सांगायला लागतं, कारण आमच्या भागातल्या जुन्या पेढ्यांची रीत नेमकी तीच. मोठी नोट टपालानं पाठवायची तर मधोमध कापायची. पहिला तुकडा आधी पाठवायचा, समोरच्याची पोच आली की मग दुसरा. वाटेत एक चोरीला गेला तरी चोराला उपयोग नाही. दोन जोडले की बँकेत नोट पुरी चालते. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं याहून सुरक्षित काही नाही. संग्रहाच्या दृष्टीनं मात्र ती नोट मेली.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत, पण जपान अजून उतरला नव्हता तेव्हा, एका शनिवारी अण्णा माझ्या खिडकीवर आले. ब्रह्मदेशचा छाप असलेली शंभराची नोट ते दोन वर्षं भूपालकडे मागत होते. ती आली होती. अर्धी.

सोबत पत्र होतं. भूपालनं आयुष्यात लिहिलेलं पहिलं लांब पत्र, म्हणजे चार ओळी. नोट मोठी म्हणून आपल्या पेढीच्या रीतीनं पाठवतोय. तुमची पोच आली की दुसरा तुकडा धाडतो. आणि अण्णा, त्याच्या मागोमाग मीपण यावं म्हणतो, तुमची ना नसली तर.

अण्णांना चौथी ओळ दिसलीच नाही. "कापली, मास्तर. कात्रीनं कापली. येवढी वर्सं काय शिकवलं मी त्याला?"

मी म्हणालो, ते राहू द्या, आधी पोच लिहा. कार्डही पुढे केलं. अण्णांनी ते खिशात घातलं. "म्हैनाभर लिवत न्हाय. कळू दे त्याला जरा."

दुसऱ्या दिवशी बैठकीत आप्पांनी तो तुकडा बघून कपाळाला हात लावला आणि आम्ही तिघेही हसलो. संग्रहात एक नवा किस्सा पडला, असं मीच म्हणालो. ते माझं वाक्य मला अजून टोचतं. मी पोस्टातला माणूस. तार करा म्हणायला हवं होतं, नाहीतर स्वतः करायला हवी होती. बापलेकांच्या मध्ये पडू नये म्हणून गप्प बसलो.

महिना संपायच्या आत रंगूनवर बाँब पडले. अण्णांनी कार्ड लिहून आणलं, पण ते तिकडे पोचेल असं मला कुणी सांगेना. मग ब्रह्मदेशची टपाल बंद झाल्याचा हुकूम आला आणि त्यांचं पुढचं कार्ड मी खिडकीतून परत केलं. त्या बाजूनं माणसं चालत, रानातून, मरत-मरत येत होती. कुणी आपल्याकडे पोचला असं कळलं, की अण्णा त्याच्या घरी जायचे. इथं जवळच येळ्ळुरात एकजण आला होता, त्याच्यापुढे ते दोन तास बसून आले. त्या माणसानं भूपालचं नावही ऐकलं नव्हतं.

बैठक मोडली. अण्णांनी नोटा बघायच्या सोडल्या. आम्हीही त्यांच्यासमोर काढत नव्हतो.

लढाई संपली. रंगूनची टपाल सुरू झाल्याचा कागद आमच्याकडे आला त्या शनिवारी खिडकी उघडली, तर पुढे अण्णाच उभे. हातात आप्पांनी केलेल्या दोन फळ्या, वर शिवलेलं कापड. पत्ता भूपालच्या जुन्या दुकानाचा.

मी फॉर्म घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, आत काय आहे.

"तुकडा."

मला आधी कळेना. मग म्हणालो, अण्णा, एवढी वर्षं जपलेली वस्तू, आणि ते दुकान तिथं आहे की नाही तेही माहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाकीट आणखी आत सरकवलं.

"माज्याकडं आसून काय उपेग हाय? दुसरा त्याच्याकडं हाय. दोनी जोडलं की घरी याचं भाडं व्हतंय त्याचं."

किमतीच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. मग मी शंभर लिहिलं, शिक्के मारले आणि पावती फाडून दिली. अण्णांनी ती चष्म्याजवळ नेऊन वाचली, टोपीत ठेवली. रांगेत मागे माणसं होती, तरी ते जागचे हलले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "पोच यील न्हवं?"